बेरीज शून्य, पण ओढ कायम

गेल्या महिन्यात अकरावी विज्ञान शाखेत शिकणाऱ्या एका मुलीचे पत्र आमच्याकडे आले. वहीचे पान फाडून दोन्ही बाजूंनी लिहिलेले. अक्षर नीटनेटके. पत्रातील मजकूर थोडक्यात असा: "कार्बन डायऑक्साइडमध्ये कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यातील प्रत्येक बंध पोलर असतो असे पुस्तकात दिले आहे. त्याच पानावर खाली दिले आहे की या रेणूचा डायपोल मोमेंट झिरो. मग हा रेणू पोलर आहे की नाही? आणि पाण्याचा झिरो का नाही? वर्गात विचारले तेव्हा 'झिरो पाठ करून टाक, मार्क मिळतात' असे उत्तर मिळाले. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात होते. आता वाटते की सायन्स माझ्यासाठी नाही. आर्ट्सला नाव घालू का?"

शेवटचे वाक्य आम्ही पुन्हा पुन्हा वाचले. आर्ट्सला जाण्यात कमीपणा काहीच नाही. आवड असेल तर जरूर जावे. पण एका प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही म्हणून शाखा सोडणे आणि आवड म्हणून शाखा निवडणे यात मोठा फरक आहे. आणि या मुलीचा प्रश्न मुळीच बाळबोध नाही. याच प्रश्नाच्या मागे लागून एका माणसाने नोबेल पारितोषिक मिळविले, हे आम्हाला शोध घेतल्यावर कळले.

आम्ही स्वतः वाणिज्य शाखेचे. कीर्द, खतावणी आणि तेरीज यांत आमचा जन्म गेला. तरीही प्रश्न टाळणे बरे वाटले नाही. अकरावी-बारावीची पुस्तके आणली, सुटीचे दिवस त्यात घातले, अडले तिथे जाणत्या माणसांना विचारले. जे समजले ते आमच्या भाषेत येथे मांडतो. डायपोल मोमेंटला मराठीत द्विध्रुव आघूर्ण म्हणता येईल. पण मुले कॉलेजात डायपोल मोमेंट हाच शब्द ऐकतात, म्हणून आम्हीही तोच वापरतो. घरात कोणी अकरावीला असेल तर हे पान त्याच्यासाठी जपून ठेवावे. नसेल तरीही वाचावे, कारण शेवटी हा विषय आपल्या चुलीपर्यंत येतो.

सामाईक खाते

दोन अणू एकत्र येतात तेव्हा पुष्कळदा ते आपापला एक एक इलेक्ट्रॉन मध्ये ठेवतात. दोघांनी मिळून बँकेत सामाईक खाते उघडावे तसे हे आहे. पैसा दोघांचा, खाते दोघांचे. पण पासबुक कोणाच्या पेटीत राहते? घरात जसे घडते तसेच येथेही घडते. ज्याची ओढ जास्त, त्याच्याकडे इलेक्ट्रॉन अधिक वेळ राहतात. या ओढीला विद्युतऋणता म्हणतात. अमेरिकेतील लिनस पॉलिंग यांनी १९३२ साली तिची मोजपट्टी मांडली. त्या पट्टीवर आज हायड्रोजनला २.२०, कार्बनला २.५५, नायट्रोजनला ३.०४, ऑक्सिजनला ३.४४ आणि फ्लोरिनला ३.९८ असे आकडे दिले जातात. फ्लोरिन सर्वांत ओढाळ.

हायड्रोजन क्लोराइडचा रेणू घ्या. त्यात क्लोरिनची ओढ जास्त, म्हणून इलेक्ट्रॉन क्लोरिनकडे झुकतात. क्लोरिनचे टोक थोडे ऋण होते, हायड्रोजनचे टोक तेवढेच धन होते. रेणूची एकूण बेरीज मात्र शून्यच राहते. एका बाजूस जेवढे नावे, तेवढेच दुसऱ्या बाजूस जमा. तेरीज जुळते. पण आमच्या कचेरीतील अनुभव असा की तेरीज जुळली म्हणजे पैसा सारखा वाटला गेला असे होत नाही. रेणूतही तेच. तेरीज जुळलेली, पण वाटणी असमान. या असमान वाटणीचे माप म्हणजे डायपोल मोमेंट.

माप काढण्याची रीत सोपी आहे. टोकाला जमलेला प्रभार आणि दोन टोकांमधील अंतर यांचा गुणाकार करावयाचा. प्रभार वाढला तरी माप वाढते, अंतर वाढले तरी वाढते. हे माप मोजण्याच्या एककाला डिबाय म्हणतात. एका इलेक्ट्रॉनचा पूर्ण प्रभार आणि तेवढाच धन प्रभार एकमेकांपासून एका सेंटिमीटरच्या दहा कोटीव्या भागाइतके दूर ठेवले, तर ४.८० डिबाय होतात.

आता हिशेब करू. हायड्रोजन क्लोराइडमध्ये दोन अणूंतील अंतर त्या दहा कोटीव्या भागाच्या सुमारे १.२७ पट आहे. क्लोरिनने इलेक्ट्रॉन पुरताच हिरावून घेतला असता तर डायपोल मोमेंट ४.८० गुणिले १.२७, म्हणजे सुमारे ६.१ डिबाय आला असता. प्रत्यक्षात मोजला तर १.०८ येतो. टक्केवारी काढा. साधारण १८ टक्के. म्हणजे क्लोरिनने सर्व लुबाडलेले नाही आणि समान वाटणीही केलेली नाही. याउलट मिठाची वाफ करून त्यातील सोडियम क्लोराइडचा एकेक रेणू मोजला तर सुमारे ९ डिबाय येतात आणि तोच हिशेब तिथे ७९ ते ८० टक्क्यांवर जातो. तिथे जवळजवळ पुरी मालकी बदललेली आहे. म्हणून हायड्रोजन क्लोराइडच्या बंधाला पोलर म्हणतात आणि मिठाला आयनिक. दोघांमध्ये भिंत नाही, चढण आहे. पाठ करण्यासारखे यात काय आहे? शेकडा प्रमाण तर सातवीच्या गणितात येते.

दिशा विसरू नका

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. डायपोल मोमेंटला नुसता आकडा नसतो, त्याला दिशाही असते. मुलांची गल्लत येथेच होते. आकड्यांची बेरीज करताना दोन आणि दोन चार होतात. ओढींची बेरीज करताना दोन आणि दोन मिळून चारही होतात, शून्यही होते आणि मधले काहीही होऊ शकते. कोण कोणत्या बाजूला ओढतो यावर ते ठरते.

रस्सीखेच सर्वांनी पाहिली आहे. दोन्ही बाजूंची ताकद अगदी सारखी असेल तर मधला रुमाल हलत नाही. म्हणून कोणी ओढतच नाही असे आपण म्हणतो काय? दोन्हीकडची माणसे घामाघूम झालेली असतात, टाचा जमिनीत रुतलेल्या असतात. कार्बन डायऑक्साइडचे नेमके असेच आहे. मध्ये कार्बन, एका बाजूस एक ऑक्सिजन, विरुद्ध बाजूस दुसरा, तिन्ही एका सरळ रेषेत. कोन १८० अंश. दोन्ही ऑक्सिजन कार्बनकडून इलेक्ट्रॉन ओढतात, दोघांची ओढ तंतोतंत सारखी आणि दिशा विरुद्ध. म्हणून प्रत्येक बंध पोलर आणि संपूर्ण रेणूचा डायपोल मोमेंट शून्य. पुस्तकातील दोन्ही वाक्ये खरी आहेत. त्यांत विरोध नाही. पहिले वाक्य एका बंधाबद्दल आहे, दुसरे सगळ्या रेणूबद्दल.

पाण्यात रस्सीखेच नाही, तिथे हातगाडी आहे. ओझ्याने भरलेल्या हातगाडीला पुढे दोन दोर बांधून दोन माणसे थोडी बाजूबाजूला होऊन ओढतात, तेव्हा गाडी दोघांच्या मधल्या दिशेने पुढे सरकते. दोघांची ओढ थोडी वाया जाते, पण बरीचशी एकत्र येते. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन मध्ये आणि दोन हायड्रोजन दोन बाजूंना असले, तरी ते सरळ रेषेत नाहीत. त्यांच्यातील कोन १०४.५ अंश आहे. रेणू वाकलेला आहे. त्यामुळे दोन बंधांच्या ओढी एकमेकींना मारत नाहीत, मधल्या दिशेने त्यांची बेरीज होते.

हिशेब पाहा. प्रत्येक बंधाचा वाटा सुमारे १.५१ डिबाय धरतात. दोन्ही बंध विरुद्ध दिशांना असते तर बेरीज शून्य. दोन्ही एकाच दिशेला असते तर ३.०२. कोन १०४.५ असल्यामुळे त्याचा अर्धा, म्हणजे ५२.२५ अंश, घेऊन त्याच्या कोसाइनने ३.०२ ला गुणायचे. उत्तर १.८५ डिबाय. पाण्याच्या वाफेचे प्रत्यक्ष मोजलेले मापही १.८५ हेच आहे.

मग पाणी वाकलेले का आणि कार्बन डायऑक्साइड सरळ का? ऑक्सिजनच्या बाहेरच्या कक्षेत सहा इलेक्ट्रॉन असतात. पाण्यात त्यातले दोन हायड्रोजनशी सामाईक खात्यात जातात. उरलेल्या चारांच्या दोन जोड्या ऑक्सिजनजवळच राहतात. या रिकाम्या जोड्यांनाही जागा लागते. दोन जोड्या आणि दोन बंध मिळून चार बिऱ्हाडे एका खोलीत राहावयाची म्हणजे प्रत्येकाने एकेक कोपरा धरावयाचा. त्यामुळे दोन्ही हायड्रोजन समोरासमोर राहू शकत नाहीत. कार्बन डायऑक्साइडमधील कार्बनकडे अशी रिकामी जोडी एकही नाही. सर्व चार इलेक्ट्रॉन बंधात गुंतलेले. दोनच बिऱ्हाडे, म्हणून ती एकमेकांपासून होईल तेवढी दूर, समोरासमोर.

वाकलेला आहे हे कोणी पाहिले?

येथे कोणीही हुशार मूल विचारील की रेणू तर डोळ्यांना दिसत नाही, मग तो वाकलेला आहे हे कशावरून? विचारलेच पाहिजे. पुस्तकात छापले म्हणून मानावे, ही शास्त्राची रीत नव्हे.

पीटर डिबाय यांचा जन्म १८८४ साली नेदरलँड्समधील मास्ट्रिक्ट गावी झाला. मूळ शिक्षण विद्युत अभियांत्रिकीचे. ती पदवी त्यांनी १९०५ साली घेतली आणि पुढे ते पदार्थविज्ञानाकडे वळले. १९१२ साली त्यांनी एक कल्पना मांडली. धातूच्या दोन पट्ट्या समोरासमोर ठेवून त्यांच्यात विद्युतदाब द्यावयाचा आणि मधल्या जागेत एखादा वायू भरावयाचा. ज्या रेणूंना धन टोक आणि ऋण टोक आहे ते रेणू वळून उभे राहण्याचा प्रयत्न करतील. धन टोक ऋण पट्टीकडे, ऋण टोक धन पट्टीकडे. त्यामुळे त्या पट्ट्यांची प्रभार साठविण्याची क्षमता वाढेल. ही वाढ मोजता येते.

पण ज्यांना टोके नाहीत अशा रेणूंतही इलेक्ट्रॉन थोडे सरकतात आणि थोडी वाढ होतेच. मग खरा पोलर ओळखावा कसा? डिबाय यांची चतुराई येथे आहे. त्यांनी उष्णतेकडे पाहिले. शाळेत प्रार्थनेच्या वेळी मुले रांगेत उभी असतात, पण मधल्या सुटीची घंटा झाली की रांग मोडते. रेणूंचेही असेच. वायू तापविला की रेणूंची धावपळ वाढते आणि वळून रांगेत उभे राहणे त्यांना जमत नाही. म्हणजे पोलर वायूच्या बाबतीत तापमान वाढले की ती क्षमता घटते. ज्यांना टोकेच नाहीत त्यांना रांगेत उभे राहण्याचा प्रश्नच नाही. त्यांच्या रेणूंवर तापमानाचा असा परिणाम दिसत नाही. निरनिराळ्या तापमानांना मोजणी करावयाची, आलेख काढावयाचा आणि त्याच्या उतारावरून डायपोल मोमेंट काढावयाचा. आलेख सपाट आला तर शून्य.

या पद्धतीने मोजले तेव्हा कार्बन डायऑक्साइड शून्य आला आणि पाणी शून्य आले नाही. मग पाण्याचा रेणू सरळ रेषेत असूच शकत नाही, हे घरबसल्या सिद्ध झाले. न दिसणाऱ्या वस्तूचा आकार तापमान आणि विजेच्या मोजणीवरून कळला. डिबाय यांना १९३६ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यातील एक भाग याच कामासाठी होता, दुसरा वायूंतील क्ष-किरणांच्या आणि इलेक्ट्रॉनांच्या विवर्तनाच्या अभ्यासासाठी. १९४० साली ते जर्मनी सोडून अमेरिकेत गेले आणि १९६६ साली तेथेच वारले. पत्र लिहिणाऱ्या मुलीने जो प्रश्न वर्गात विचारला, तोच प्रश्न वायूला विचारण्याची युक्ती या माणसाने शोधली.

परीक्षेत अडणाऱ्या तीन जागा

विद्यार्थ्यांसाठी तीन गोष्टी वेगळ्या सांगतो.

पहिली गोष्ट बाणाची. रसायनशास्त्राच्या पुस्तकात डायपोलचा बाण धन टोकाकडून ऋण टोकाकडे काढतात आणि त्याच्या शेपटीला आडवी रेघ मारून अधिकचे चिन्ह करतात. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात तोच बाण ऋणाकडून धनाकडे काढतात. दोन्ही पुस्तके बरोबर आहेत, रूढी वेगवेगळ्या आहेत. हे वर्गात कोणी स्पष्ट सांगत नाही आणि मूल समजते की आपलेच डोके चालत नाही. ज्या विषयाचा पेपर, त्या विषयाची रूढी वापरावी.

दुसरी गोष्ट अमोनिया आणि नायट्रोजन ट्रायफ्लोराइड यांची. हा प्रश्न परीक्षेत वरचेवर येतो. दोन्ही रेणूंचा आकार सारखा, तिपाईसारखा. वर नायट्रोजन आणि खाली तीन पाय. ओढींमधील फरकही जवळपास सारखा, एकात ०.८४, दुसऱ्यात ०.९४. तरीही अमोनियाचा डायपोल मोमेंट १.४७ डिबाय आणि दुसऱ्याचा अवघा ०.२३. उत्तर पुन्हा दिशेत आहे. नायट्रोजनच्या डोक्यावर इलेक्ट्रॉनांची एक रिकामी जोडी असते आणि तिची ओढ वरच्या दिशेने धरावयाची. अमोनियात नायट्रोजन हा हायड्रोजनपेक्षा ओढाळ, म्हणून तिन्ही बंधांची ओढही वरच्या दिशेनेच. दोन्ही मिळून बेरीज वाढते. दुसऱ्या रेणूत फ्लोरिन जास्त ओढाळ, म्हणून बंधांची ओढ खाली आणि जोडीची वर. मिळकत आणि देणे जवळजवळ फिटते, हातात थोडेच उरते.

तिसरी गोष्ट कार्बन मोनॉक्साइडची. बंद खोलीत शेगडी धुमसत ठेवली की जो विषारी वायू तयार होतो तो हाच. यात ऑक्सिजनची ओढ जास्त, म्हणून ऑक्सिजनचे टोक चांगलेच ऋण असावे असे वाटते. मोजले तर डायपोल मोमेंट केवळ ०.११ आणि किंचित ऋण टोक कार्बनचे! कारण या रेणूतही कार्बनजवळ बाहेरच्या अंगाला एक रिकामी जोडी आहे आणि ती पारडे फिरविते. म्हणून नुसते विद्युतऋणतेचे आकडे पाहून निकाल देऊ नये. इलेक्ट्रॉन कोठे कोठे आहेत ते सर्व पाहावे.

स्वयंपाकघरातील साक्ष

आता भगिनींसाठी, आणि स्वयंपाकघरात हात लावणाऱ्या बंधूंसाठीही. फोडणीत हळद टाकली की तेल लगेच पिवळेधमक होते. तीच हळद थंड पाण्यात टाकली तर ती तरंगते किंवा तळाशी बसते, पाणी गढूळ होते, पण हळद विरघळत नाही. मिठाचे उलटे. पाण्यात चटकन विरघळते, तेलात कितीही ढवळा, खडे तसेच. पाण्याचे रेणू टोकांचे आहेत. मिठातील धन कणांना ते आपले ऋण टोक लावतात, ऋण कणांना धन टोक लावतात आणि चोहोबाजूंनी वेढून एकेक कण सोडवून नेतात. तेलाचे रेणू लांबलचक आणि बहुतांशी टोकांशिवायचे. त्यांना हे जमत नाही. हळदीचा रंग देणाऱ्या द्रव्याचे मात्र तेलाशी चांगले जुळते. गॅरेजमध्ये काम करणारी मुले हाताचे ग्रीस नुसत्या पाण्याने न धुता रॉकेलने का काढतात, याचे उत्तर हेच. साबण ही दोघांमधील मध्यस्थी. त्याच्या रेणूचे एक टोक प्रभाराचे, ते पाण्याशी जुळते. लांब शेपूट तेलाशी जुळते.

डायपोलचा आणखी एक परिणाम पाहा. मिथेन, अमोनिया आणि पाणी यांचे रेणू वजनाने जवळजवळ सारखे. अनुक्रमे १६, १७ आणि १८. मिथेनचा डायपोल मोमेंट शून्य, तो उणे १६१ अंशांवरच उकळतो. अमोनिया १.४७, तो उणे ३३ वर उकळतो. पाणी १.८५, ते १०० अंशांवर उकळते. पाण्याचे रेणू टोकाला टोक लावून एकमेकांना धरून ठेवतात. या धरण्यात हायड्रोजन बंध नावाचा विशेष प्रकार आहे आणि नुसत्या डायपोलच्या आकड्यावर सर्व ठरत नाही. नखांचे रंगरोगण काढण्यासाठी वापरतात त्या अ‍ॅसिटोनचा डायपोल मोमेंट पाण्याहून जास्त, सुमारे २.९ आहे, तरी ते ५६ अंशांवर उकळते. पण पाण्याचा रेणू सरळ असता तर ही धरपकड अशी झाली नसती आणि आपल्या माठात पाणी राहिले नसते, एवढे नक्की.

आणि एक जिवाची गोष्ट. कढईतील तेलाने पेट घेतला तर पाणी कधीही ओतू नये. पाणी तेलात मिसळत नाही. ते जड असल्यामुळे खाली जाते, तापलेल्या तेलात क्षणात त्याची वाफ होते आणि ती वाफ पेटते तेल उडवून देते. गॅस बंद करावा, कढईवर घट्ट झाकण ठेवावे, कढई हलवू नये. आवाक्याबाहेर गेले तर घरातून बाहेर पडून १०१ वर अग्निशमन दलाला कळवावे. घरातील सासूबाईंपासून शाळकरी मुलांपर्यंत सर्वांना हे एकदा समजावून सांगावे.

मुलांना घरी करण्यासाठी एक प्रयोग पुष्कळ पुस्तकांत दिलेला असतो. कोरड्या केसांवरून प्लॅस्टिकचा कंगवा फिरवून नळाच्या बारीक धारेजवळ नेला की धार कंगव्याकडे वळते. मजा वाटते, जरूर करावा. मात्र 'पाणी पोलर आहे याचा हा पुरावा' असे जे वर्षानुवर्षे शिकविले गेले ते पूर्ण बरोबर नाही. सन २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखविले गेले की धार वळण्याचे मुख्य कारण कंगव्यामुळे धारेतच निर्माण होणारा विरुद्ध प्रभार हे आहे. नुसत्या डायपोलला विजेचे क्षेत्र वळवून उभे करते; दोन्ही टोकांवर उलटसुलट ओढ असल्यामुळे सबंध रेणू खेचून नेण्याइतका जोर त्यात फारसा उरत नाही. म्हणजे येथेही तोच धडा. प्रयोग खरा, पण त्याचा अर्थ तपासून घ्यावा लागतो.

शून्य म्हणजे काहीच नाही असे नव्हे

कार्बन डायऑक्साइडची बेरीज शून्य आहे एवढे म्हणून थांबलो असतो तर लेख अपुरा राहिला असता. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन आहे. या दोन्ही वायूंच्या रेणूंत दोन अगदी सारखे अणू आहेत. ओढाओढ नाहीच. तिथले शून्य हे खरेखुरे रिकामे शून्य. ते रेणू कसेही थरथरले तरी शून्यच राहते. म्हणून तापलेल्या जमिनीतून निघणारी उष्णतेची किरणे त्यांच्यातून सरळ निघून जातात.

कार्बन डायऑक्साइडचे शून्य वेगळे आहे. ते दोन बरोबरीच्या ओढींचे शून्य आहे. रेणू स्थिर कधीच नसतो. तो वाकतो, ताणतो. वाकला की क्षणभर तो पाण्याच्या रेणूसारखा होतो, तोल बिघडतो आणि डायपोल प्रकट होतो. त्याच क्षणी त्याला उष्णतेची किरणे शोषता येतात. जॉन टिंडल यांनी १८५९ साली निरनिराळ्या वायूंवर प्रयोग करून पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड उष्णता अडवितात, पण नायट्रोजन व ऑक्सिजन अडवीत नाहीत, हे दाखविले. तेव्हा त्याचे कारण कळलेले नव्हते. डायपोलची कल्पना त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षांनी आली. कारखानदारीच्या आधी हवेच्या दहा लाख रेणूंत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० रेणू होते, आज ते ४२० च्या वर आहेत. पत्र्याच्या घरात राहणाऱ्यांना वाढत्या उन्हाळ्याची झळ सर्वांआधी लागते. ज्या रेणूचे माप 'झिरो' म्हणून पाठ करावयास सांगितले गेले, त्या रेणूचा आपल्या छपराशी असा संबंध आहे.

म्हणून त्या मुलीला आमचे सांगणे आहे. बाळ, तू विचारलेस ते अगदी योग्य विचारलेस. दोन वाक्ये परस्परविरोधी दिसतात हे तुझ्या ध्यानात आले, यालाच समजणे म्हणतात. पाठ करणाऱ्याला विरोध दिसतच नाही. मराठी माध्यमामुळे तुझे काही अडलेले नाही. ओढ, दिशा आणि बेरीज हे तिन्ही शब्द तुला घरातच मिळालेले आहेत. आर्ट्सला जायचे की सायन्सला, ते तुझ्या आवडीने ठरव. मात्र 'कळत नाही' हे कारण त्यात धरू नकोस, कारण ते खरे नाही.

जाता जाता एक उदाहरण सोडवून पाहा. मिथेनमध्ये कार्बनभोवती चार हायड्रोजन चार कोपऱ्यांत सारखे बसलेले असतात, बेरीज शून्य. चारही हायड्रोजन काढून चार क्लोरिन बसविले तर कार्बन टेट्राक्लोराइड होते. आणि तीनच क्लोरिन बसवून एक हायड्रोजन तसाच ठेवला तर क्लोरोफॉर्म होते. या दोघांपैकी कोणाचा डायपोल मोमेंट शून्य आणि का, ते कागदावर बाण काढून स्वतः ठरवा. पुस्तक नंतर उघडा. उत्तर चुकले तर बाण कोठे चुकला ते शोधा आणि आम्हाला दोन ओळी लिहून कळवा.